विश्लेषण : शाळेसाठी गावातलाच शिक्षक का हवा? हायमेनडॉर्फ यांचा प्रयोग किनवटला आजही काय सांगतो?

किनवट आणि माहूरच्या डोंगरपट्ट्यातील प्राथमिक शाळांबाबत त्याच त्या तक्रारी वर्षानुवर्षे ऐकू येतात. शिक्षक मुख्यालयी राहत नाहीत, पहिलीतल्या मुलाला गुरुजींची भाषा कळत नाही, हंगामात पटसंख्या गळते. या तिन्ही प्रश्नांवर ८० वर्षांपूर्वी एक उत्तर शोधले गेले होते. शोधणारा माणूस व्हिएन्नाचा होता, सरकार निजामाचे होते आणि जिल्हा होता आदिलाबाद. किनवट तेव्हा त्याच जिल्ह्यातील एक तालुका होता. मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचे आयुष्य आणि त्यांनी सुरू केलेली गोंड शिक्षण योजना यांविषयी...

हायमेनडॉर्फ कोण होते?

ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचा जन्म २२ जून १९०९ रोजी व्हिएन्नात एका उमराव घराण्यात झाला. व्हिएन्ना विद्यापीठात त्यांनी मानववंशशास्त्राचा अभ्यास केला आणि १९३१ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पुढे लंडनमध्ये ब्रॉनिस्लॉ मालिनोव्स्की यांच्या अभ्यासवर्गात ते दाखल झाले. ज्या समाजाचा अभ्यास करायचा त्याच्यात जाऊन राहायचे आणि त्याची भाषा शिकायची, ही शिस्त त्या वर्गात अंगी बाणवली जात असे. १९३६-३७ मध्ये ते नागा टेकड्यांत राहिले. १९३८ मध्ये त्यांचा बेट्टी बर्नार्डो यांच्याशी विवाह झाला. बेट्टी या ब्रिटिश होत्या आणि पुढील जवळपास ५० वर्षे त्या प्रत्येक मोहिमेत पतीच्या सोबत राहिल्या. जिथे परक्या पुरुषाला बसता येत नसे, त्या स्त्रियांच्या बैठकीत बेट्टी सहज मिसळत. पतीच्या संशोधनात त्यांचा वाटा मोठा होता.

ते निजामाच्या राज्यात कसे आले?

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा हे दाम्पत्य भारतात होते. ऑस्ट्रिया १९३८ मध्येच जर्मनीत विलीन करण्यात आला होता. त्यामुळे हायमेनडॉर्फ यांच्याकडे जर्मन पारपत्र होते आणि ब्रिटिशांच्या लेखी ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. अशा अनेकांची रवानगी छावण्यांत झाली. हायमेनडॉर्फ यांना मात्र हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत राहून संशोधन करण्याची मुभा मिळाली. संस्थानाबाहेर जाण्यावर निर्बंध आल्याने त्यांचे सारे लक्ष संस्थानातील आदिवासींवर केंद्रित झाले. नल्लमला डोंगरातील चेंचू, गोदावरीच्या खोऱ्यातील डोंगरी रेड्डी आणि त्यानंतर आदिलाबादचे राजगोंड असा त्यांच्या कामाचा क्रम राहिला. या तिन्ही समाजांवरील त्यांचे ग्रंथ १९४३ ते १९४८ या काळात प्रसिद्ध झाले.

किनवटशी या कामाचा संबंध काय?

आज किनवट नांदेड जिल्ह्यात आहे. मात्र १९५६ पर्यंत तो आदिलाबाद जिल्ह्याचा तालुका होता. भाषावार प्रांतरचनेत १ नोव्हेंबर १९५६ रोजी किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबादपासून वेगळे होऊन नांदेडला जोडले गेले. त्यातील राजुरा पुढे चांदा म्हणजे आताच्या चंद्रपूर जिल्ह्यात गेला, किनवट नांदेडमध्येच राहिला. उटनूरच्या डोंगरातले गोंड, कोलाम व परधान आणि किनवटकडचे गोंड, कोलाम व परधान यांच्यात तेव्हा सीमा नव्हती. सोयरिकी, देवकार्ये, आठवडी बाजार सारे एकच होते. गोंडांचे परंपरागत कथागायक असलेले परधान मराठी बोलत. बाजारात आणि कचेरीत गोंडांचाही मराठीशी संबंध येई. त्यामुळे या पट्ट्यात गोंडीनंतरची भाषा बहुतांशी मराठीच होती. पुढे शाळेची भाषा ठरवताना ही बाब महत्त्वाची ठरली.

शाळेची गरज कशातून पुढे आली?

याचे मूळ जमिनीच्या प्रश्नात होते. वनखात्याने जंगले राखीव केली, तसे गोंडांचे शेताचे क्षेत्र आक्रसत गेले. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन त्यांच्या नावे नव्हती, कारण पट्टा करून घेणे म्हणजे काय हेच अनेकांना ठाऊक नव्हते. रस्ते आणि रेल्वे आल्यावर मैदानी भागातून जमीन घेणारे लोक आले. कागद त्यांच्या हातात होता, तलाठ्याचे काम करणारा पटवारी त्यांच्या ओळखीचा होता. अंगठा देऊन घेतलेल्या कर्जात आणि न वाचता आलेल्या पावतीत जमिनी गेल्या. या असंतोषातून कोमरम भीम यांच्या नेतृत्वाखाली उठाव झाला. १९४० मध्ये जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळीबारात भीम आणि त्यांचे सहकारी मारले गेले.

बंदुकीने उठाव दडपला, तरी तो का झाला याचे उत्तर सरकारला हवे होते. ते शोधण्याचे काम हायमेनडॉर्फ यांच्याकडे आले. संस्थानाचे महसूलमंत्री विल्फ्रिड ग्रिगसन यांनी स्वतः बस्तरच्या माडिया गोंडांवर ग्रंथ लिहिला होता. त्यामुळे या कामाला मंत्रालयातून पाठबळ मिळाले. हायमेनडॉर्फ यांच्या अहवालांचा रोख स्पष्ट होता. गोंडांना जमिनीचे पट्टे द्यावेत आणि ते पट्टे टिकवण्यासाठी त्यांना लिहिता-वाचता यावे. म्हणजे इथे साक्षरतेचा विचार आला तो जमिनीचे रक्षण करण्याचे साधन म्हणून.

मार्लवाईचा प्रयोग काय होता?

हायमेनडॉर्फ दाम्पत्य उटनूरच्या डोंगरातील मार्लवाई या गोंड गावात झोपडी बांधून राहिले. आज हे गाव तेलंगणच्या कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात येते. १९४३ मध्ये तिथेच गोंड शिक्षण योजनेचे पहिले केंद्र सुरू झाले. ते शिक्षक घडवण्याचे केंद्र होते. मुलांची शाळा त्यानंतरची पायरी होती आणि योजनेचे वेगळेपण याच क्रमात होते.

सरकारी पद्धत तेव्हाही अशी होती की शाळा मंजूर करायची आणि शहरातून किंवा मैदानी गावातून शिक्षक पाठवायचा. आदिलाबादच्या जंगलात येणाऱ्या अशा शिक्षकाला हिवतापाची भीती असे, गोंडी येत नसे आणि गावात त्याचे कोणी नसे. तो शक्य तितक्या लवकर बदली मागून घेई किंवा अधूनमधूनच शाळेत उगवे. नाव हजेरीपटावर, शाळा कुलपात. हायमेनडॉर्फ यांनी ही साखळी उलट बाजूने पकडली. बाहेरचा शिक्षक गावात टिकत नसेल तर गावात असलेल्या माणसाला शिक्षक करावे, असा हा साधा विचार होता.

अडचण अशी होती की त्या डोंगरात मराठी लिहिता-वाचता येणारे गोंड हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. त्यांच्यापासूनच सुरुवात झाली. गावोगावचे चुणचुणीत तरुण मार्लवाईला आणले गेले. त्यांना आधी अक्षरे, हिशेब आणि मग शिकवण्याची रीत शिकवली गेली. तयार झालेले तरुण गोंड गावांत शिक्षक म्हणून गेले. काही वर्षांतच डोंगराळ भागात अशा अनेक शाळा उभ्या राहिल्या. मार्लवाईत शिकलेल्यांपैकी काही जण पुढे पटवारी, वनरक्षक अशा पदांवर लागले. ज्या खात्यांच्या कागदांनी गोंडांना नाडले होते, त्या खात्यांत प्रथमच गोंड माणूस बसू लागला. गावातला शिक्षक मुलांना शिकवत असेच, शिवाय आलेली नोटीस वाचून दाखवणारा आणि अर्ज लिहून देणारा माणूसही तोच असे.

भाषेचा प्रश्न कसा सोडवला?

संस्थानाची राजभाषा उर्दू होती. उस्मानिया विद्यापीठातही शिक्षणाचे माध्यम उर्दूच होते. या योजनेत मात्र गोंड मुलाची सुरुवात गोंडीपासून करण्याचे ठरले. त्यासाठी गोंडीत वाचनपुस्तके तयार झाली. लिपी देवनागरी ठेवली गेली. त्यामागे व्यवहार होता. देवनागरीत गोंडी वाचायला शिकलेल्या मुलाला मराठीकडे जाताना नवी लिपी शिकावी लागत नसे. अक्षर ओळखीचे, फक्त भाषा नवी, अशी ही पायरी होती.

मराठवाड्यातील वाचकाला या निर्णयाचे महत्त्व वेगळे सांगावे लागू नये. निजामी राजवटीत मराठी मुलांना उर्दूतून शिकावे लागे, ही इथल्या जनतेची मोठी तक्रार होती. राष्ट्रीय शाळा त्याच असंतोषातून उभ्या राहिल्या. मराठी मुलाला उर्दू शाळेत जे वाटत होते तेच गोंड मुलाला मराठी शाळेत वाटणार, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात आले. ज्यांच्या लक्षात आले त्यांत एक मराठवाड्याचाच माणूस होता.

सेतुमाधवराव पगडी यांची भूमिका काय?

शिवकालाचे अभ्यासक म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेले सेतुमाधवराव पगडी मूळचे आताच्या लातूर जिल्ह्यातील निलंग्याचे. २७ ऑगस्ट १९१० हा त्यांचा जन्मदिवस. हैदराबाद संस्थानाच्या मुलकी सेवेत ते अधिकारी होते आणि आदिलाबादमध्ये आदिवासींच्या कामासाठी त्यांची विशेष नेमणूक झाली होती. ते स्वतः गोंडी शिकले, तिचे व्याकरण लिहिले. कोलामांच्या भाषेचाही त्यांनी अभ्यास केला. फारसी कागदपत्रे वाचणारा हा इतिहासकार गोंड गावात गोंडीतून बोलत असे.

त्यांच्या कामाला प्रशासनाच्या दृष्टीनेही महत्त्व आहे. हायमेनडॉर्फ १९४४-४५ मध्ये भारत सरकारच्या कामासाठी ईशान्येकडील सुबनसिरी भागात गेले. परतल्यावर १९४९ पर्यंत ते निजाम सरकारचे आदिवासींविषयक सल्लागार आणि उस्मानिया विद्यापीठात प्राध्यापक होते. सल्ला देणारा तज्ज्ञ राजधानीत बसतो. योजना चालते ती तालुक्यात. तिथे भाषा जाणणारा, फिरता आणि अधिकार वापरणारा अधिकारी लागतो. मार्लवाईची योजना काही काळ नीट चालली यामागे हेही एक कारण होते.

जमीन आणि शाळा यांची सांगड कशी होती?

शाळेबरोबरच पट्टेवाटपाचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. १९४० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत जिल्ह्यातील हजारो आदिवासी कुटुंबांच्या नावे लाखाहून अधिक एकर जमीन झाली. आदिवासी क्षेत्रांसाठी स्वतंत्र नियमनही संस्थानाने केले. या दोन गोष्टी एकमेकींना धरून होत्या. पोटापुरती स्वतःची जमीन असलेले कुटुंब एका गावात टिकते आणि कुटुंब टिकले तर मूल शाळेत टिकते. उलट जमीन गेली की कुटुंब कामाच्या मागे फिरते आणि शाळेतले नाव नुसते पटावर उरते. ऊसतोड, वीटभट्टी किंवा कापूस वेचणीसाठी घर सोडणाऱ्या कुटुंबांच्या मुलांचा आजचा प्रश्न याहून वेगळा नाही.

योजनेचे पुढे काय झाले?

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. हायमेनडॉर्फ लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीज या संस्थेत गेले आणि १९७६ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. नेपाळच्या शेर्पांवरील त्यांचे काम जगभर गाजले. इकडे १९५६ मध्ये राज्याची सीमा गोंडवस्तीच्या मधून गेली. आदिलाबादकडे शाळेची भाषा तेलुगू झाली, किनवटकडे मराठी राहिली. एकाच गोत्रातील भावंडांची मुले दोन लिप्यांत शिकू लागली आणि गोंडी दोन्हीकडच्या शाळेतून बाहेर पडली.

निवृत्तीनंतर हायमेनडॉर्फ पुन्हा आदिलाबादला आले. जिथे ३५ वर्षांपूर्वी काम केले त्या गावांची त्यांनी नव्याने पाहणी केली. १९८२ मध्ये आलेल्या त्यांच्या ग्रंथात या पाहणीचे निष्कर्ष आहेत. कायदे असूनही पट्ट्याच्या जमिनी बाहेरच्यांकडे गेल्या होत्या. शाळा आणि वसतिगृहांची संख्या वाढली होती, सरकारी खर्च वाढला होता, पण डोंगरातील गावांत परक्या भाषेतून शिकवणारा, गावाबाहेर राहणारा शिक्षक परतला होता. एका माणसाच्या हयातीतच त्याच्या कामाचे चक्र पूर्ण फिरून मूळ जागी आले होते.

या प्रयोगाच्या मर्यादा कोणत्या?

पहिली मर्यादा म्हणजे योजनेचा उगम. एका उठावानंतर, एका राजेशाही सरकारने, परक्या विद्वानाच्या सल्ल्याने ती आखली होती. गोंडांना शांत ठेवण्याचा हेतू त्यात होताच, असे टीकाकार म्हणतात आणि ते नाकारता येत नाही. दुसरी मर्यादा अशी की सारी मदार काही मोजक्या समजूतदार अधिकाऱ्यांवर होती. ते गेल्यावर योजना चालवण्याचा अधिकार गावाकडे आलेला नव्हता. तिसरी मर्यादा पुढच्या शिक्षणाची. गोंडीतून पहिली पायरी चढलेल्या मुलाला पुढे माध्यमिक शाळेपर्यंत नेणारी अखंड वाट तयार झाली नाही.

मार्लवाईत थोड्या काळात तयार झालेला शिक्षक आजच्या पात्रता नियमांत बसणारही नाही. शिक्षणशास्त्र पदविका आणि शिक्षक पात्रता परीक्षा यांशिवाय आज नेमणूक होत नाही. या अटी शिक्षणाच्या दर्जासाठी आहेत. पण ज्या समाजात या अटी पूर्ण करणारे उमेदवार कमी आहेत तिथे पात्र शिक्षक बाहेरून येतो आणि गावाची भाषा जाणणारा तरुण अपात्र ठरतो. दर्जा की जवळीक, असा हा पेच आहे. स्थानिक तरुणांना पदविकेपर्यंत नेण्याचे काम शासनाने आधीपासून केले, तरच तो सुटतो.

कायदा याबाबत काय सांगतो?

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० अ मध्ये भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयींची तरतूद आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शक्य तिथवर मातृभाषा हे माध्यम असावे असे म्हटले आहे. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही तेच सांगते. प्रत्यक्षात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ३० लाख लोकांची मातृभाषा असलेली गोंडी आठव्या परिशिष्टात नाही. गडचिरोली जिल्ह्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, तेव्हा तिच्या मान्यतेचाच वाद उभा राहिला.

स्थानिक शिक्षकाचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. तत्कालीन आंध्र प्रदेश सरकारने जानेवारी २००० मध्ये अनुसूचित क्षेत्रातील शाळांची सर्व शिक्षकपदे स्थानिक आदिवासींसाठी राखीव केली. बाहेरचे शिक्षक गैरहजर राहतात हे त्यामागचे एक कारण होते. एप्रिल २०२० मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हे १०० टक्के आरक्षण घटनाबाह्य ठरवले. सगळी पदे एकाच गटाला देता येणार नाहीत हे त्यातून निश्चित झाले. शिक्षक गावात कसा टिकवायचा, हा प्रश्न मात्र न्यायालयाच्या निकालाने सुटणारा नव्हता.

किनवटसाठी आज यातून काय घ्यायचे?

किनवट तालुक्यातील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत आणि एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय किनवटलाच आहे. गोंडी, कोलामी, बंजारा, तेलुगू आणि मराठी अशा पाच भाषा या परिसरात कानावर येतात. जिल्हा परिषदेच्या शाळा एका खात्याकडे, आश्रमशाळा दुसऱ्या खात्याकडे आहेत. शिक्षकभरती राज्यस्तरावरील पवित्र पोर्टलवरून होते. संचमान्यता पटसंख्येवर ठरते, त्यामुळे हंगामी स्थलांतराने पट घटला की पदही धोक्यात येते. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार २०२३ पासून चर्चेत आहे. डोंगरातल्या पाड्याला त्याचा अर्थ वेगळा लागतो. तिथे शाळा लांब गेली की सहा वर्षांचे मूल घरी बसते.

राज्याच्या २०१७ च्या बदली धोरणाने गावांची सर्वसाधारण आणि अवघड क्षेत्र अशी विभागणी केली. अवघड क्षेत्रात काही वर्षे काढली की सोयीच्या ठिकाणी जाण्याचा हक्क मिळतो. शिक्षकाच्या दृष्टीने ही व्यवस्था न्याय्य आहे, कारण कायमची शिक्षा कोणालाच नको. पण तिच्यात एक गृहीतक दडलेले आहे. अशा गावातली नोकरी ही काढायची मुदत आहे, असे ते गृहीतक. मुख्यालयी राहण्याची अट, घरभाड्यासाठी ग्रामसभेचा ठराव, अचानक भेटी हे सारे उपाय न राहू इच्छिणाऱ्या माणसाला धरून ठेवण्याचे आहेत. मार्लवाईचा उपाय ज्याचे घरच तिथे आहे अशा माणसाला शिकवून शिक्षक करण्याचा होता. त्याच्यासाठी तो डोंगर अवघड क्षेत्र नव्हता.

हायमेनडॉर्फ यांची आठवण कुठे टिकून आहे?

बेट्टी यांचे ११ जानेवारी १९८७ रोजी हैदराबादमध्ये निधन झाले. त्यांचे दफन मार्लवाईत करण्यात आले. हायमेनडॉर्फ ११ जून १९९५ रोजी लंडनमध्ये वारले. २०१२ मध्ये त्यांच्या मुलाने वडिलांच्या अस्थी मार्लवाईला आणल्या आणि त्या बेट्टी यांच्या समाधीशेजारी ठेवण्यात आल्या. या मुलाचे नाव निकोलस, पण गोंड त्याला लच्छू पटेल म्हणून ओळखतात. मार्लवाईच्या जुन्या गावप्रमुखाचे हे नाव त्याला मिळाले होते. दरवर्षी ११ जानेवारीला आसपासच्या गावांतील आदिवासी या समाधीपाशी जमतात. मार्लवाईच्या पहिल्या तुकड्यांत अक्षरे गिरवलेल्या शिक्षकांची नातवंडे-पतवंडे आता शाळेच्या वयाची आहेत. त्यांच्यातली काही तेलुगूतून शिकतात, सीमेअलीकडच्या नातेवाइकांची मराठीतून. घरी दोन्हीकडे गोंडी बोलली जाते आणि शाळेच्या पहिल्या दिवशी ती भाषा जाणणारा शिक्षक वर्गात असेलच, याची खात्री सीमेच्या कोणत्याही बाजूला नाही.